४२९४९६७२९७ : एका अनुमानाचा भंग

२ च्या १, २, ४, ८ व १६ व्या घातांत प्रत्येकी १ मिळविल्यास ३, ५, १७, २५७ व ६५५३७ या मूळ संख्या येतात. पुढील पदेही मूळच असावीत, असे अनुमान फेर्मा याने १६४० मध्ये मांडले. परंतु लगतचेच पद, ४२९४९६७२९७, हे ६४१ ने विभाज्य असल्याचे ऑयलर याने १७३२ मध्ये दाखविले.

हे भागाकाराविनाही सिद्ध होते. ६४१ = ५ × १२८ + १; म्हणून मापांक ६४१ घेता ५ × १२८ ही संख्या −१ शी समशेष होते. चौथा घात घेता ६२५ व २ चा २८ वा घात यांचा गुणाकार १ शी समशेष होतो. शिवाय ६४१ = ६२५ + १६; यास्तव ६२५ ऐवजी −१६ घालता २ चा ३२ वा घात −१ शी समशेष ठरतो.

पाच पदांचा पडताळा म्हणजे सिद्धता नव्हे.