विहिरीचा हिशेब मागा

ओढा गावात वरून खाली येतो आणि आपली वस्ती बहुतेक ठिकाणी खालच्या अंगालाच असते. वरचे गटार, गोठ्याचे मूत, पिकावर फवारलेले औषध सारे आपल्या दारावरून जाते. वाहून गेले म्हणजे गेले, असे आपण समजतो. पण महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा. त्याच्या भेगांतून आणि वरच्या मुरमातून पाऊस जसा झिरपतो, तशी घाणही झिरपते. ओढ्याकाठच्या विहिरीत ती उतरायला वेळ लागत नाही.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी सनातन्यांनी काय ओतले? घागरींनी पंचगव्य, म्हणजे त्यात शेण आणि गोमूत्रही! माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, शेणामुताने मात्र नक्की बाटते, हे आज कोणतीही प्रयोगशाळा सांगेल. तळ्यावरचा हक्क हायकोर्टात कायम व्हायला १९३७ साल उजाडले. पाणी घेण्याचा हक्क मिळाला. ते पाणी कसे आहे हे विचारण्याचा हक्क मात्र आपण फारसा वापरत नाही.

आम्ही कारकून माणसे, आम्हाला आकडे बोलतात. विहिरीचा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर असेल, तर पाणी झाले सुमारे ३७,७०० लिटर. १,००० लिटरला चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला साधारण ९५ ग्रॅम. अंदाजे मूठभर टाकून भागत नाही. पावडर उघड्या पोत्यात, ओलीत पडलेली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. मग ती टाकली काय न टाकली काय! पावडर टाकल्यावर तासाभराने ओटी टेस्ट करावी. पाणी पिवळे झाले तरच त्यात क्लोरीन उरला आहे.

मात्र टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. संडासाच्या खड्ड्यातून, उकिरड्यातून आणि युरियातून ते पाण्यात उतरते. त्याला रंग नाही, वास नाही. पाणी उकळले तर उलट त्याचे प्रमाण वाढते. लिटरला ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. तसल्या पाण्यात पावडरचे दूध कालवून पाजले तर तान्हे बाळ निळे पडू शकते. म्हणून संडासाचा खड्डा आणि उकिरडा विहिरीपासून, बोअरपासून जितका लांब तितका बरा, आणि उताराच्या खालच्या बाजूला. हे भाऊबंदांनाही सांगावे लागेल. घाण काही फक्त वरच्या आळीचीच नसते.

पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाण्याच्या ठिकाणांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. आपल्या गावाला कोणते मिळाले? वस्तीच्या विहिरीचा नमुना घेतला का, की फक्त चावडीजवळच्या टाकीचा? ग्रामसभेत हे विचारावे, तेही महिला मंडळाने. पाणी भरतात त्याच. टीसीएलची नोंदवही मागून पाहावी. ‘नंतर या’ म्हणाले तर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.