कर्नल बांधण्याआधीचे प्रश्न

लिनक्स कर्नलच्या मूळ कोडमध्ये ‘एमएम’ नावाची एक डिरेक्टरी आहे. यंत्रातली मेमरी कोणाला द्यायची, किती द्यायची आणि परत कधी घ्यायची, हे ठरवणारा कोड तिथे राहतो. या कोडवर जाडजूड पुस्तकं लिहिली गेली आहेत. पण त्याच डिरेक्टरीतल्या दोन साध्या मजकुराच्या फाइलींकडे सहसा कोणी थांबून बघत नाही. एक ‘केकॉन्फिग’ आणि दुसरी ‘मेकफाइल’. पहिलीत कर्नल बांधणाऱ्याला विचारायचे प्रश्न आहेत. त्याच्या उत्तरांवरून कुठला कोड कंपाइल व्हायचा आणि कुठला वगळायचा, हे दुसरी ठरवते. मेमरीबद्दल कर्नलकारांनी तीस वर्षांत काय विचार केला, हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने सुरुवात इथून करावी असं मी आग्रहाने सांगेन.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्सने ०.०१ आवृत्ती बाहेर काढली तेव्हा असा प्रश्नसंच नव्हता. एक हेडर फाइल होती आणि मेमरी कुठे संपते तो आकडा तिच्यात लिहिलेला होता. टोरवाल्ड्सच्या यंत्रासाठी ८ एमबी, एका मित्राच्या यंत्रासाठी ४ एमबी. तुमचं यंत्र वेगळं असेल तर फाइल उघडायची आणि आकडा बदलायचा. पुढे यंत्रं वाढली, प्रोसेसरांचे प्रकार वाढले, प्रश्नही वाढले. आज वापरात असलेली केकॉन्फिगची भाषा रोमन झिप्पेल याने लिहिली आणि २००२ मध्ये २.५.४५ या आवृत्तीत ती कर्नलमध्ये आली. त्याआधी एरिक रेमंडने याच कामासाठी ‘सीएमएल२’ नावाची मोठी यंत्रणा तयार केली होती, पण ती स्वीकारली गेली नाही.

केकॉन्फिगमधल्या बऱ्याच प्रश्नांना तीन उत्तरं असतात: हो, नाही, किंवा ‘मॉड्यूल’. मॉड्यूल म्हणजे तो भाग वेगळा बांधून ठेवायचा आणि यंत्र चालू असताना लागेल तेव्हा आत घ्यायचा. प्रिंटर, कॅमेरा, वायफाय यांचे ड्रायव्हर असेच येतात. मेमरीच्या प्रश्नांना मात्र जवळजवळ सगळीकडे ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर चालतं. मॉड्यूल आत घ्यायचं तर ते ठेवायला मेमरी लागते, आणि ती वाटणारा आधीपासून कामावर हजर असावा लागतो. त्यामुळे हे निर्णय पुढे ढकलता येत नाहीत. ते कर्नल बांधतानाच घ्यावे लागतात आणि चुकलं तर पुन्हा बांधणी करावी लागते.

यातला सर्वांत मूलभूत प्रश्न एमएमयूचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी मॅनेजमेंट युनिटचा. ते असेल तर प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचं वेगळं पत्त्यांचं विश्व मिळतं. ते नसेल तर सगळे प्रोग्रॅम एकाच सपाट मेमरीत शेजारी शेजारी राहतात आणि ‘फोर्क’सारखी मूलभूत क्रियाही करता येत नाही, कारण नक्कल केलेल्या प्रक्रियेला तेच पत्ते पुन्हा देता येत नाहीत. छोट्या मायक्रोकंट्रोलरांवर आजही असं लिनक्स चालतं. एवढा मोठा फरक मेकफाइलने दोन ओळींत सांभाळला आहे, आणि त्या दोन ओळी मला फार आवडतात. पहिली म्हणते, ‘एमएमयू-वाय’ या यादीत फक्त ‘नोएमएमयू’ ही फाइल. दुसरी म्हणते, ‘एमएमयू’ला एमएमयूच्या प्रश्नाचं उत्तर जोडून जे नाव तयार होईल त्या यादीत मेमरी, एममॅप, एमप्रोटेक्ट वगैरे फाइली. उत्तर ‘वाय’ असेल तर दुसरी यादी पहिलीच्याच नावाने तयार होते आणि पहिलीला पुसून टाकते. उत्तर कोरं असेल तर दुसरी यादी भलत्याच नावाने तयार होते, तिला कोणी विचारत नाही आणि पहिली टिकते. ‘जर’ नाही, ‘तर’ नाही, ‘अन्यथा’ नाही. नाव जुळलं की काम झालं.

प्रश्न कसे जन्मतात आणि कसे मरतात, हे मात्र छोट्या वस्तूंच्या वाटपात सर्वांत चांगलं दिसतं. कर्नल मेमरी पेजच्या हिशेबाने मोजतो आणि एक पेज बहुधा ४०९६ बाइटचं असतं. पण कर्नलला स्वतःसाठी शेकडो प्रकारच्या लहान लहान नोंदी लागतात. एवढ्याशा नोंदीला अख्खं पेज देणं परवडत नाही, म्हणून पेजचे तुकडे करून वाटणारा एक मधला थर लागतो. सन कंपनीच्या जेफ बॉनविकने १९९४ मध्ये सोलारिससाठी मांडलेली ‘स्लॅब’ची कल्पना मार्क हेमंटने १९९६-९७ मध्ये लिनक्ससाठी लिहून काढली. २००६ मध्ये मॅट मॅकॉलचा ‘स्लॉब’ आला, अगदी कमी मेमरीच्या यंत्रांसाठी. २००७ मध्ये ख्रिस्तोफ लॅमेटरने ‘स्लब’ आणला. तो सिलिकॉन ग्राफिक्समध्ये महाकाय यंत्रांवर काम करत होता. हजार नोडच्या यंत्रावर स्लॅबच्या रांगांमधले नुसते संदर्भ साठवायलाच काही गिगाबाइट मेमरी खर्ची पडते, ही त्याची तक्रार होती.

झालं, प्रश्नाला तीन पर्याय झाले, आणि ते तीनही सोळा-सतरा वर्षं तसेच राहिले. कागदावर हे स्वातंत्र्य वाटतं. प्रत्यक्षात तीन वाटप करणारे सांभाळायचे म्हणजे प्रत्येक नवी सुविधा तीनदा लिहायची, तीनदा तपासायची, आणि तिघांत जो सर्वांत दुबळा असेल त्याच्या मर्यादा सगळ्यांनी पाळायच्या. स्लॉब विशिष्ट नोंदींच्या कॅशमधून दिलेल्या तुकड्याचा आकार लिहून ठेवत नसे. म्हणून असा तुकडा साध्या ‘केफ्री’ने परत करायला कर्नलभर बंदी होती, स्लॉब कधी पाहिलाही नाही अशा सर्व्हरवरसुद्धा. २०२३ मध्ये ६.४ आवृत्तीत स्लॉब गेला, तेव्हा ही बंदी उठली. २०२४ मध्ये ६.८ मध्ये स्लॅबही गेला. व्लास्तिमिल बाबका या चेक अभियंत्याने हे काम चिकाटीने तडीस नेलं. नवी सुविधा आणणाऱ्याचं नाव होतं. एक प्रश्न कायमचा मिटवणाऱ्याला तेवढंच श्रेय मिळायला हवं.

मेकफाइलमध्ये आणखी एक रंजक कोपरा आहे. ‘कासन’ हे चुका पकडणारं साधन २०१५ मध्ये ४.० आवृत्तीत आलं. ते चालू केलं की मेमरीला हात लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येक सूचनेआधी कंपाइलर एक तपासणी घालतो, आणि सोडून दिलेल्या मेमरीला कोणी शिवलं तर बोंब होते. पण स्लबचं कामच मुळी सोडलेल्या तुकड्यांशी आहे. पुढचा मोकळा तुकडा कुठे आहे ते तो मोकळ्या तुकड्याच्याच पोटात लिहून ठेवतो. म्हणून स्लबसारख्या फाइलींवर ही तपासणी घालू नये, अशा ओळी मेकफाइलमध्ये आहेत. वरवर नीरस वाटणाऱ्या त्या ओळी पहारेकऱ्यांमधली हद्द आखून देतात.

अलीकडचे प्रश्न अधिक शहाणे झाले आहेत. यू झाओ या गूगलच्या अभियंत्याने कुठली पेज अलीकडे वापरली गेली आणि कुठली बाहेर काढायची, हे ठरवण्याची नवी पद्धत लिहिली; ती २०२२ अखेरीस ६.१ मध्ये आली. तिच्यासाठी दोन मुख्य प्रश्न ठेवले: कोड आत घ्यायचा का, आणि घेतला तर तो सुरुवातीपासून चालू ठेवायचा का. डेबियन किंवा फेडोरासारख्या वितरणांना हे फार सोयीचं आहे. त्यांना एकच कर्नल लाखो अनोळखी यंत्रांवर पाठवायचा असतो. कोड आत ठेवला की चालू-बंद करण्याचा निर्णय यंत्राच्या मालकावर सोडता येतो.

बहुतेक वापरणाऱ्यांना यातला एकही प्रश्न कधी विचारला जात नाही. फोन बनवणारी कंपनी किंवा वितरण त्यांच्या वतीने उत्तर देऊन मोकळं होतं. कमी मेमरीच्या अँड्रॉइड फोनवर मागे पडलेली ॲप्स दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, मेमरीतच ठेवली जातात. त्यामागे नितीन गुप्ता यांचं ‘झीरॅम’ आणि ‘झेडएसमॅलॉक’ आहे. वर्षानुवर्षं ते कर्नलच्या प्रायोगिक विभागात होतं आणि २०१४ मध्ये ३.१४ आवृत्तीत मुख्य कोडमध्ये आलं. लिनक्सवर काम करणाऱ्याला ही उत्तरं वाचायची असतील तर बहुतेक वितरणांत ‘बूट’ डिरेक्टरीत ‘कॉन्फिग’ने सुरू होणारी फाइल पडलेली असते. तिथे प्रत्येक प्रश्नापुढे दिलेलं उत्तर दिसतं. प्रश्नांचं स्पष्टीकरण मूळ केकॉन्फिगमध्ये असतं, आणि संभ्रम असेल तर काय निवडावं हेही बहुधा शेवटी लिहिलेलं असतं.

अशा सल्ल्याचं एक उदाहरण स्लॉबच्याच गोष्टीत आहे. स्लॉब गेला तेव्हा त्याच्यावर अवलंबून असलेल्या इवल्या यंत्रांना वाऱ्यावर सोडलं नाही. त्याआधीच ६.२ मध्ये स्लबला ‘टायनी’ नावाचा एक पर्याय जोडला गेला. त्यात वेग आणि तपासणीच्या सोयी कमी होतात, पण मेमरी वाचते. १६ एमबीपेक्षा जास्त मेमरी असेल तर हा पर्याय घेऊ नका, असं त्याच्या मदतीच्या मजकुरात लिहिलं आहे.