कायदा केंद्राचा, शिपाई राज्याचा

अमेरिकेची राज्यघटना १७८७च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया येथे लिहिली गेली, तेव्हा तिच्या कर्त्यांपुढचा पहिला प्रश्न केंद्राला आवर कसा घालावा हा नव्हता. चालू शकेल असे केंद्र उभे कसे करावे, हा होता. १७८१पासून अमलात असलेल्या ‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या करारनाम्याने तेरा राज्यांची एक काँग्रेस, म्हणजे सामाईक प्रतिनिधिसभा, निर्माण केली होती. तिला युद्ध पुकारता येत होते, तह करता येत होते, परंतु कर बसवता येत नव्हता. खर्चासाठी राज्यांकडे मागणी करायची आणि राज्यांनी ती धुडकावली की हात चोळत बसायचे, असा तिचा कारभार होता. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांचे पगार थकले, कर्जाची फेड अडली, आणि मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी १७८६मध्ये डॅनियल शेजच्या नेतृत्वाखाली उठाव केला तेव्हा तो मोडण्यासाठी केंद्राकडे ना पैसा होता ना फौज. नव्या घटनेचा जन्म या दुबळेपणातून झाला, ही गोष्ट ‘राज्यांचे हक्क’ या घोषणेचा इतिहास सांगताना अनेकदा गाळली जाते.

या घटनेने केंद्राला, म्हणजे अमेरिकेत ज्याला फेडरल सरकार म्हणतात त्याला, अधिकार दिले ते मोजून दिले. पहिल्या अनुच्छेदाच्या आठव्या कलमात त्यांची यादी आहे: कर बसवणे, कर्ज काढणे, नाणी पाडणे, टपाल चालवणे, सैन्य उभारणे, परदेशांशी आणि राज्याराज्यांमध्ये होणाऱ्या व्यापाराचे नियमन करणे इत्यादी. यादीच्या शेवटी, हे अधिकार राबवण्यासाठी आवश्यक आणि उचित असे कायदे करण्याची मुभा आहे, आणि केंद्राचे घटनासंमत कायदे राज्यांच्या कायद्यांहून श्रेष्ठ ठरतील असे सहाव्या अनुच्छेदात सांगितले आहे. एवढ्याने धास्तावलेल्यांच्या समाधानासाठी १७९१मध्ये दहावी घटनादुरुस्ती आली. तिचा आशय असा की, जे अधिकार घटनेने केंद्राला दिलेले नाहीत आणि राज्यांना मना केलेले नाहीत, ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतील. कोणत्याही यादीत न बसणाऱ्या अशा उरलेल्या अधिकारांना शेषाधिकार म्हणतात. भारतीय वाचकाला येथे उलटा क्रम दिसेल, कारण भारतीय संविधानाच्या २४८व्या अनुच्छेदाने शेषाधिकार संसदेकडे सोपवले आहेत. राज्यांच्या अस्तित्वाबाबतही तसेच आहे: १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये संसदेच्या कायद्याने अस्तित्वात आली, तर अमेरिकेत एखाद्या राज्याचे त्याच्या विधिमंडळाच्या संमतीवाचून विभाजन करता येत नाही. संविधानाचा मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेपुढे मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकी संघराज्याशी असलेले असे फरक मुद्दाम समजावून सांगितले होते.

दहाव्या दुरुस्तीचा मसुदा चर्चेत असताना केंद्राला ‘स्पष्टपणे’ न दिलेले सर्व अधिकार राज्यांचे, असा शब्दप्रयोग करावा अशी सूचना आली होती. जुन्या करारनाम्यात तो होता. हा मसुदा मांडणाऱ्या जेम्स मॅडिसन यांनी तिला विरोध केला, कारण काही अधिकार गृहीतच धरावे लागतात, त्यांच्यावाचून सरकार चालू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. गाळलेल्या या शब्दाचे मोल १८१९मध्ये कळले. केंद्राने काढलेल्या बँकेच्या बाल्टिमोर शाखेवर मेरीलँड राज्याने कर बसवला आणि तेथील रोखपाल जेम्स मॅक्कलक यांनी तो भरण्यास नकार दिला. बँक काढण्याचा अधिकार घटनेच्या यादीत कोठेही नाही, हा राज्याचा मुद्दा खरा होता. परंतु कर, कर्ज आणि सैन्य यांचे अधिकार वापरण्याचे बँक हे उचित साधन आहे, आणि एका राज्याला केंद्राच्या संस्थेवर कर लावू देणे म्हणजे तिला बुडवण्याचा अधिकार देणे होय, असा निर्णय सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी दिला. केंद्राच्या अधिकारांची यादी तेवढीच राहिली, पण तिच्यातील प्रत्येक शब्दाचा पैस वाढला.

यानंतरचा इतिहास साधारणपणे असा सांगितला जातो की, दक्षिणेकडील राज्ये राज्यांच्या हक्कांसाठी झगडली आणि उत्तरेने केंद्राची बाजू घेतली. १८३२मध्ये साउथ कॅरोलायनाने केंद्राचा आयातकर आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला, तेवढ्यापुरते हे खरे आहे. गुलामगिरीच्या प्रश्नावर मात्र हे वर्णन टिकत नाही. दुसऱ्या राज्यात पळून गेलेला गुलाम मालकाला परत मिळावा अशी तरतूद मूळ घटनेतच होती आणि तिच्या अंमलबजावणीसाठी काँग्रेसने १७९३मध्ये कायदा केला होता. पेनसिल्व्हेनियाने १८२६मध्ये स्वतःचा कायदा करून माणसांना बळजबरीने राज्याबाहेर नेणे गुन्हा ठरवले. १८३७मध्ये एडवर्ड प्रिग आणि त्याच्या साथीदारांनी मार्गारेट मॉर्गन या स्त्रीला तिच्या मुलांसह पेनसिल्व्हेनियातून उचलून मेरीलँडला नेले. त्यांतले एक मूल तर पेनसिल्व्हेनियात जन्मलेले, म्हणजे त्या राज्याच्या कायद्याने स्वतंत्र होते. राज्याच्या न्यायालयाने प्रिगला दोषी धरले, परंतु १८४२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि राज्याचा कायदा घटनाबाह्य ठरवला.

त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी एक गोष्ट मान्य केली: केंद्राचा कायदा राबवण्यासाठी राज्यांनी आपले अधिकारी दिलेच पाहिजेत अशी सक्ती त्यांच्यावर करता येत नाही. उत्तरेकडील राज्यांनी हे वाक्य उचलले. मॅसॅच्युसेट्सने १८४३मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना पळालेल्या गुलामांना पकडण्यास आणि आपल्या तुरुंगांना त्यांना ठेवून घेण्यास मनाई केली. ही कोंडी फोडण्यासाठी दक्षिणेने राज्यांच्या हक्कांचा नव्हे, केंद्राच्या बळाचा आश्रय घेतला. १८५०च्या कायद्याने केंद्राचे स्वतंत्र आयुक्त नेमले. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची बंदी केली. रस्त्यावरच्या नागरिकालाही पाठलागात सामील होण्याचा हुकूम देता येईल असे ठरवले. आणि आयुक्ताने माणूस मालकाच्या हवाली केल्यास त्याला दहा डॉलर, मोकळा केल्यास पाच डॉलर शुल्क ठेवले. न्यायाच्या आसनावर बसवलेल्या माणसाला एका बाजूच्या निकालासाठी दुप्पट पैसे देणारा कायदा ज्यांनी मागून घेतला, त्यांना केंद्राच्या अतिक्रमणाची चीड होती असे मानणे कठीण आहे. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा घटनाबाह्य ठरवला, तेव्हा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५९मध्ये त्या राज्याला एकमताने गप्प केले. पुढच्याच वर्षी साउथ कॅरोलायनाने संघराज्यातून फुटून निघताना जी कारणे जाहीर केली, त्यांत उत्तरेकडील राज्ये हा केंद्रीय कायदा पाळत नाहीत ही ठळक तक्रार होती. त्यामुळे राज्याचा हक्क असा शब्द कानी पडला की तो हक्क नेमका कोणासाठी आणि कोणाविरुद्ध मागितला जात आहे, हे आधी विचारणे भाग आहे.

यादवी युद्धानंतर १८६८मध्ये आलेल्या चौदाव्या दुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण नाकारण्यास राज्यांना मनाई केली, आणि पहिल्यांदाच नागरिकाला स्वतःच्या राज्याविरुद्ध केंद्राकडे दाद मागण्याचा भक्कम आधार मिळाला. तो आधार सर्वोच्च न्यायालयाने १८८३मध्ये आखडता घेतला: ही दुरुस्ती राज्य सरकारच्या कृतीला लागू आहे, खाजगी हॉटेलमालकाच्या भेदभावाला नाही, असे ठरले. केंद्राला मग दुसरी वाट शोधावी लागली आणि ती व्यापाराच्या कलमातून गेली.

या कलमाचा अर्थ किती ताणला आणि किती आवळला गेला, याला तोड नाही. बालकामगारांनी बनवलेला माल राज्याबाहेर पाठवण्यास बंदी करणारा कायदा १९१६मध्ये झाला, तेव्हा नॉर्थ कॅरोलायनातील एका सूतगिरणी कामगाराने आपल्या मुलांची मजुरी बुडेल म्हणून दाद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९१८मध्ये तो कायदा मोडीत काढला; उत्पादन हा व्यापार नव्हे, ते राज्याचे क्षेत्र, हे त्याचे कारण. या निकालपत्रात दहाव्या दुरुस्तीचा आशय देताना न्यायमूर्ती विल्यम डे यांनी ‘स्पष्टपणे’ हा मॅडिसन यांनी नाकारलेला शब्द घातला. आणखी तेवीस वर्षांनी, १९४१मध्ये, न्यायालयाने हा निकाल फिरवला. लगेच १९४२मध्ये लंबक दुसऱ्या टोकाला गेला. गव्हाचा भाव सावरण्यासाठी केंद्राने शेतकऱ्यांना लागवडीची मर्यादा घालून दिली होती. ओहायोमधील रॉस्को फिलबर्न यांना ११.१ एकर मंजूर असताना त्यांनी २३ एकर गहू पेरला, आणि २३९ बुशेल जादा पिकासाठी त्यांना ११७ डॉलर ११ सेंट दंड झाला. जादा गहू बराचसा घरी आणि जनावरांना लागेल, तो राज्याबाहेर जाणार नाही, हा त्यांचा बचाव न्यायालयाने एकमताने फेटाळला. असे अनेक शेतकरी घरचा गहू वापरू लागले तर बाजारातील मागणी घटते, म्हणून हाही राज्याराज्यांतील व्यापारच, असे ठरले. स्वतःच्या गोठ्यातील जनावरांपुढे टाकलेला दाणाही जर आंतरराज्य व्यापार असेल, तर या कलमाबाहेर काय उरते, हा प्रश्न तेव्हापासून अमेरिकी कायदेपंडितांची पाठ सोडत नाही.

याच व्यापक अर्थाच्या बळावर १९६४चा नागरी हक्क कायदा उभा राहिला, हे मात्र विसरता येणार नाही. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमचे एक उपाहारगृह कृष्णवर्णीयांना आत बसवून वाढत नसे. ते वर्षाला ६९,६८३ डॉलरचे मांस ज्या स्थानिक पुरवठादाराकडून घेत असे, तो ते राज्याबाहेरून आणत असे. एवढ्या धाग्यावर केंद्राचा कायदा त्याला लागू झाला. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मांसाच्या बिलावर सोडवावा लागावा, हे खटकणारे आहे. पण दोष १८८३च्या निकालाचा होता. १९६४च्या काँग्रेसने उपलब्ध होते ते हत्यार वापरले आणि योग्य कामासाठी वापरले.

व्यापाराच्या कलमालाही सीमा आहे, हे न्यायालयाने दीर्घ काळानंतर १९९५मध्ये पुन्हा सांगितले. शाळेच्या परिसरात बंदूक बाळगणे हा केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा लोपेझ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द झाला. परंतु व्यापारातून आलेली बंदूक, एवढे शब्द घालून काँग्रेसने तो पुढच्याच वर्षी पुन्हा केला.

व्यापाराखेरीज केंद्राची आणखी एक वाट पैशाची आहे. मद्यपानाचे किमान वय एकवीस न केल्यास महामार्गांच्या अनुदानातील पाच टक्के रक्कम कापण्याची तरतूद १९८४मध्ये झाली, आणि ती घटनासंमत असल्याचे १९८७मध्ये ठरले. २०१२मध्ये मात्र, गरिबांच्या आरोग्यविम्याची मेडिकेड योजना विस्तारण्यास नकार देणाऱ्या राज्याचे त्या योजनेचे चालू अनुदानच बंद करण्याची धमकी न्यायालयाने अवैध ठरवली, कारण सरासरी राज्याच्या अर्थसंकल्पाचा दहा टक्क्यांहून मोठा भाग त्यावर अवलंबून होता. आमिष कोठे संपते आणि सक्ती कोठे सुरू होते, याचा आकडा न्यायालयाने दिला नाही. परिणाम मात्र स्पष्ट आहे: टेक्सास आणि फ्लोरिडा यांसारख्या राज्यांनी तो विस्तार स्वीकारला नाही आणि त्याची झळ तेथील गरिबांनाच बसली.

या साऱ्यात सर्वांत टिकाऊ ठरली ती राज्यांच्या अधिकाऱ्यांवर सक्ती न करण्याची १८४२ची मर्यादा. १९९३च्या ब्रॅडी कायद्याने बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासण्याचे काम स्थानिक पोलीसप्रमुखांवर टाकले, तेव्हा मोंटाना आणि ॲरिझोनातील दोन शेरीफ न्यायालयात गेले आणि १९९७मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी जिंकले: केंद्राने स्वतःचा कायदा स्वतःच्या माणसांकरवी राबवावा, राज्याचे अधिकारी वेठीस धरू नयेत. बंदूक-समर्थकांनी आनंद केला, उदारमतवाद्यांनी खेद केला. वीस वर्षांनी हेच तत्त्व बाजू बदलून आले. स्थलांतरितांना पकडण्याच्या केंद्राच्या मोहिमेत स्थानिक पोलिसांनी सहकार्य करण्यावर कॅलिफोर्नियाने २०१७मध्ये कायद्याने कडक मर्यादा घातल्या. केंद्राने त्याविरुद्ध दावा केला, अपील न्यायालयाने राज्याची बाजू उचलून धरली, आणि २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण सुनावणीस घेण्यास नकार दिला.

व्यापार आणि अनुदान यांच्या सीमा प्रत्येक पिढीत सरकल्या, पण ही सीमा टिकण्याजोगी आहे, कारण ती केंद्राला कायदा करण्यापासून अडवत नाही; त्याचा खर्च, मनुष्यबळ आणि लोकांचा रोष केंद्राने स्वतःच्या शिरावर घ्यावा, एवढीच तिची अट आहे. ती चांगल्या कायद्यालाही अडचणीची ठरते, हे ब्रॅडी कायद्याने दाखवले. तरीही १८५०च्या आयुक्तांची आठवण ठेवली तर ती किंमत मोजण्याजोगी आहे. अर्थात ही सीमा राज्याला कोणतीच दिशा देत नाही. कॅलिफोर्नियाने ज्या २०१७ साली आपल्या पोलिसांना या कामापासून दूर ठेवले, त्याच वर्षी टेक्सासने कायदा करून आपल्या स्थानिक पोलिसांना केंद्राशी सहकार्य करणे सक्तीचे केले, आणि अपील न्यायालयांत दोन्ही कायदे मुख्यतः टिकले.