टेबलावरचा पखवाज

सेटअपचा फोटो काढण्याआधी फार धावपळ चालते. पाण्याची बाटली खाटेखाली जाते, मॉनिटर शर्टाच्या बाहीने पुसला जातो, कीबोर्ड टेबलाच्या कडेला समांतर ओढून घेतला जातो. ट्यूबलाइट बंद होते, पडदा ओढला जातो आणि मॉनिटरमागची एलईडी पट्टी जांभळी पेटते. दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये स्टँडवर टांगलेला हेडफोन, त्याच्या पायाशी तळहाताएवढा डॅक. आकड्यांत साठवलेला आवाज विजेच्या लहरीत उतरवून देणारी ही डबी आपल्या सेटअपमध्ये आहे, हे फोटोत दिसलेच पाहिजे, असा मालकाचा आग्रह असतो.

गोव्यात डिचोली, साखळी, पेडणे, मांद्रे, कोरगाव या भागातल्या घरांत अशी टेबले आता नवलाची राहिलेली नाहीत. २०२०च्या टाळेबंदीत शाळा-कॉलेज आणि नोकरी घरात आली, तेव्हा टेबल आले. मॉनिटर आणि खुर्ची त्यामागून आली. आवाजाकडे लक्ष सगळ्यांत शेवटी गेले. पण ज्यांचे गेले, त्यांचे ते परत आले नाही.

या छंदातले जाणते लोक फोटो पाहून मान हलवतात आणि दुसरा फोटो मागतात: टेबलाखालचा. खरे काम तिथे असते. वायरी कुठून कुठे गेल्या आहेत, त्या वेल्क्रोच्या पट्टीने बांधल्या आहेत की गुंता तसाच लोंबतो आहे, विजेची वायर आणि आवाजाची वायर हातात हात घालून धावत नाहीत ना, एका एक्स्टेंशन बोर्डातून दुसरा आणि दुसऱ्यातून तिसरा काढलेला नाही ना, हे सगळे त्या फोटोत कळते. जांभळा उजेड विकत मिळतो. टेबलाखालची शिस्त मात्र ज्याची त्यालाच गुडघ्यावर बसून लावावी लागते.

शिवाय गोव्यात टेबलाखाली वीज, पाऊस आणि माती या तिघांशी गाठ असते.

विजेपासून सुरुवात करू. आपल्याकडचा पुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा. नवे स्पीकर जोडले, गाणे लावले नाही तरी आतून बारीक ‘हूं’ ऐकू येत राहिली, ही या छंदातली पहिली तक्रार. दुकानदार स्पीकर बदलून देतो आणि नवा जोडही तशीच हूं करतो, कारण दोष त्याच्यात नसतोच. कॉम्प्युटरला एका सॉकेटमधून अर्थिंग मिळते, स्पीकरला भिंतीवरच्या दुसऱ्या सॉकेटमधून, आणि आवाजाच्या केबलचे वेष्टन या दोघांना आणखी एकदा जोडते. अर्थिंगचे वर्तुळ तयार होते, त्यातून किंचित प्रवाह फिरतो आणि ५० हर्ट्झ व त्याच्या पटीतले सूर स्पीकरमधून बाहेर पडतात. इलाज बहुतेकदा साधा असतो: दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर घ्यायची. तेवढ्याने भागले नाही तर डॅक आणि स्पीकर यांच्यामध्ये बॅलन्स्ड केबल, किंवा कॉम्प्युटर आणि डॅक यांच्यामध्ये ऑप्टिकल केबल. ऑप्टिकलमधून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे वर्तुळ तिथे तुटते. माऊस हलवला की स्पीकरमधून येणारी चिरचिरही त्याच वाटेने थांबते. काही जण तीन पिनांच्या प्लगची जाड पिनच काढून टाकतात. हूं थांबते खरी, पण यंत्रात बिघाड झाला तर माणसाला वाचवणारी वाटही त्याबरोबर बंद होते. हा उपाय सुचवणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवले पाहिजे.

जुन्या चिरेबंदी घरात प्रश्न उलटा असतो. तिथे अर्थिंगच धड नसते. कॅबिनेटच्या लोखंडी अंगाला उघड्या पायाने हात लावला की झिणझिण्या येतात. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये गोंगाट गाळण्यासाठी जे कपॅसिटर असतात, त्यांतून झिरपणाऱ्या विजेला जमिनीत जायला वाट हवी असते. ती नसली की तिला माणसाचे शरीर सापडते. मग वायरमन अंगणात खड्डा खणून पाइप पुरतो, भोवती कोळसा आणि मीठ घालतो. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की तिचा रोध वाढतो, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत त्या खड्ड्यात पाणी ओतावे लागते. हजारो रुपयांचा हेडफोन अॅम्प्लिफायर वापरणारा मुलगा संध्याकाळी तुळशीला पाणी घालून झाल्यावर एक बादली अर्थिंगच्या खड्ड्यातही रिकामी करतो, तेव्हा त्याला हा छंद नीट समजला आहे असे मानावे.

मे अखेरीस आणि पुन्हा ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की घराघरात आईची हाक ठरलेली: “पिन काढ रे!” ही हाक योग्यच आहे. वीज जवळ पडली तर बाजारातला स्वस्त स्पाइक गार्ड तिच्यापुढे टिकत नाही. प्लग काढणे हाच भरवशाचा उपाय. पूर्वी तांब्याच्या टेलिफोन तारेतून मोडेम जळत असत. इंटरनेट आता काचेच्या तंतूतून येते आणि काच वीज वाहत नाही, त्यामुळे ती एक वाट बंद झाली. छपरावरच्या डिशची केबल मात्र अजून तांब्याचीच आहे, आणि ज्याचा टीव्ही कॉम्प्युटरला जोडलेला आहे त्याने तीही काढावी.

पावसाळ्याची खोड वेगळी. तो सावकाश खातो. लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या बोर्डाचे टेबल दोन पावसाळ्यांत कडांना फुगते आणि मॉनिटरच्या हाताचा शिकंजा जिथे आवळला आहे तिथे खचते. म्हणून इकडचे अनुभवी लोक तयार टेबल न घेता गावच्या सुताराकडून फणसाची किंवा सागवानाची फळी करून घेतात. तेही नसेल तर मरीन प्लाय. हेडफोनच्या कानगादीवरचे नकली कातडे दमटपणाने सोलवटून काळ्या पापुद्र्यांनी गालाला चिकटते. जुन्या स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड बोट लावताच चुरा होते, कारण त्या फोमचे रसायनच ओलाव्याने तुटत जाते. रबरी कडेचे स्पीकर इथे जास्त टिकतात. सेकंडहँड माल घेताना किनाऱ्याकडच्या, म्हणजे मोरजी-हरमल-केरीच्या बाजूच्या घरातला असेल तर जॅक आणि सॉकेट आधी टॉर्च लावून पाहावेत. खारी हवा तिथे हिरवट थर धरते, आणि मग आवाज एका कानात येतो, एका कानात जातो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात हेडफोन ठेवणारे लोक म्हणूनच वेडे नव्हेत.

डिचोली तालुक्यात तिसरी गोष्ट आहे ती लाल धूळ. शिरगाव, मुळगाव, मये, साखळीचा हा पट्टा लोहखनिजाचा. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, आता लिलावानंतर पुन्हा चालू होऊ लागल्या आहेत. रस्त्याकडेच्या घरात कॅबिनेटच्या पंख्यासमोरची जाळी उघडली की तिच्यावर काय बसले आहे ते रंगावरूनच कळते. शहरातला माणूस पंखे जास्त लावतो. इथला माणूस कमी पंखे लावून जाळी वारंवार धुतो.

हे सगळे जमले, हूं थांबली, टेबल सपाट राहिले, तरी आवाज अजून लागलेला नसतो. तो खोलीत लागतो.

साखळीजवळच्या एका घरातली खोली पाहा. स्लॅबचे छत, गिलावा केलेल्या भिंती, खाली गुळगुळीत टाइल्स. मध्ये उभे राहून टाळी वाजवली की ‘ट्रर्र’ असा पाठलाग ऐकू येतो, कारण आवाज समोरासमोरच्या दोन कठीण भिंतींमध्ये आपटत राहतो. अशा खोलीत कितीही महागडा स्पीकर कर्कश वाटतो. वरच्या आळीतल्या जुन्या घरात, मंगळुरी कौलांखाली, तीच टाळी एकदाच वाजते. उतरते छप्पर, फटी, कपड्यांनी भरलेली उघडी मांडणी, सगळे मिळून आवाज विखुरतात आणि पितात. नव्या घराचा मुलगा भिंतीला बाजारातले पातळ, टोकदार फोम चिकटवतो. तो फक्त वरच्या पट्टीतले सूर शोषतो आणि खालचे घोंगावणे तसेच ठेवतो. त्यापेक्षा मागच्या भिंतीला कापसाची जाड गादी उभी करून, जमिनीवर सतरंजी टाकून जास्त फरक पडतो. फोटोत ती गादी चांगली दिसत नाही, हे कबूल. ऐकायला बसणाऱ्याने तरी ती ठेवावीच.

खोलीची लांबीही आवाजात बोलते. साडेअकरा फूट म्हणजे सुमारे साडेतीन मीटर अंतराच्या दोन भिंतींमध्ये ५० हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून फुगतो, कारण त्याची अर्धी लहर तेवढ्याच लांबीची असते. म्हणजे विजेची हूं आणि खोलीचा घुमारा नेमके एकाच जागी येतात, आणि ज्याने अर्थिंगकडे दुर्लक्ष केले त्याला खोलीही माफ करत नाही.

मग स्पीकर मांडणे. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा. उंच सूर काढणारा छोटा ट्वीटर कानाच्या पातळीवर असावा, म्हणजे टेबलावर सरळ ठेवलेल्या स्पीकरखाली एखादी वीट किंवा तिरपा ठोकळा हवाच. नाहीतर टेबलाच्या पृष्ठभागावर आपटून आलेला आवाज मूळ आवाजात मिसळून त्याला गढूळ करतो. पाठ भिंतीला टेकली की खालचे सूर उगाच चढतात, म्हणून स्पीकर शक्य तेवढा पुढे घ्यायचा. हे काम दोघांनी करायचे असते: एकाने खुर्चीत डोळे मिटून बसायचे, दुसऱ्याने स्पीकर बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवायचा.

पारखायला काय लावायचे? जगभरचे शौकीन यासाठी ठरलेली इंग्रजी गाणी लावतात. गोव्याला एवढे लांब जाण्याचे कारण नाही. फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहां हो’, १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत घालून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला पाठवली गेली. साडेतीन मिनिटांचे ते ध्वनिमुद्रण स्टिरिओच्या आधीच्या काळातले, म्हणजे एकाच वाहिनीचे. दोन्ही स्पीकरमधून अगदी तोच आवाज निघतो. त्यामुळे मांडणी बरोबर असेल तर केसरबाई मॉनिटरच्या बरोबर मध्यावर उभ्या राहून गातात, आणि एक स्पीकर जरी वाकडा असला तरी त्या कडेला सरकतात. डाव्या-उजव्या समतोलाची याहून चांगली कसोटी मिळणे कठीण. पेडणे तालुक्यातल्या मालपे या गावाचे नाव आडनावात मिरवणाऱ्या गायिका अंजनीबाई मालपेकर यांचा जन्म १८८३चा. १९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळवणारी पहिली स्त्री त्याच. ज्या मातीतून असा गळा आला, तिथल्या मुलांच्या टेबलावर आवाज मध्यावर यावा, ही अपेक्षा मोठी नाही.

खालच्या सुरांची कसोटी याहून जवळ आहे. कारापूरच्या विठ्ठलापुरात विठ्ठल मंदिर आहे, गावोगाव भजनी मंडळे आहेत, कला अकादमीची मनोहरबुवा शिरगावकर स्मृती भजन स्पर्धा आहे. चतुर्थीला घराघरात घुमटावर आरत्या होतात. घुमटाचे मातीचे भांडे डिचोलीच्या कुंभारांच्या हातचे असते. पूर्वी त्यावर घोरपडीचे कातडे चढवत. ती संरक्षित प्राणी असल्याने आता बकऱ्याचे चढवतात. २०१९ साली घुमट राज्याचे वारसा वाद्य ठरले. हा आवाज जन्मापासून दोन हातांच्या अंतरावरून ऐकलेला मुलगा स्पीकरबाबत फसवला जाऊ शकत नाही. दुकानात ‘बेस’ म्हणून जे ऐकवले जाते ते घुमटाच्या दणक्याशी जुळते की नुसते फुगलेले आहे, हे त्याला कोणत्याही आलेखाविना कळते. मोठ्या शहरातला शौकीन एका यंत्राची दुसऱ्या यंत्राशी तुलना करतो. इथल्या मुलाला यंत्राची तुलना वाद्याशी करता येते, आणि या छंदात याहून मोठी श्रीमंती नाही.

पैशाचे बोलायचे तर एवढेच: स्वच्छ आवाज देणारा डॅक आता अगदी स्वस्तात मिळतो, फोनला लावायची ॲपलची शेपटीएवढी डबीसुद्धा मोजमापात चोख उतरते. ३०० ओहमचा सेनहायझर चालवायचा असेल तर अॅम्प्लिफायर हवा, साध्या इअरफोनला नको. उरलेला पैसा स्पीकरमध्ये घालावा.

दाखवायचा हंगाम म्हणजे चतुर्थी. मुंबई-पुण्याहून माणसे घरी येतात, देवासमोर माटोळी बांधलेली असते, आणि रानातून शोधून आणलेली फळे जशी माटोळीत ओळीने टांगून येणाऱ्याला दाखवतात, तसा शेजारच्या खोलीतला सेटअपही एकेक वस्तू दाखवत फिरवला जातो. “कितके पडले?” हा पहिला प्रश्न. आकडा ऐकून आत्या कपाळाला हात लावते.

आरतीत पखवाज वाजवून आलेले काका तेवढ्यात खुर्चीत बसतात. पुतण्या त्यांच्याच मंडळाचे भजन लावतो, त्याने देवळात स्वतः मुद्रित केलेले. काका थोडे ऐकतात. पखवाजाच्या उजव्या पुडीची थाप स्पष्ट आहे, शाईचा टणत्कार बरोबर आहे. “पण धुमेला मी कणीक लावली होती, ती कुठे गेली?” ते विचारतात. डाव्या पुडीचा तो भरीव, ओलसर घुमारा साडेतीन इंची स्पीकरमधून पुरता येत नाही, आणि जो येतो तो खोलीच्या घोंगावण्यात बुडतो. पुतण्या लगेच सबवूफरचे नाव काढतो. काका म्हणतात, आधी हे भिंतीपासून ओढ. दोघे टेबलाची एकेक बाजू धरतात, मागची गादी कोपऱ्यात सरकवतात, स्पीकरच्या पाठीवरचा खटका खालच्या सुरांसाठी एक घर उतरवतात आणि भजन पुन्हा पहिल्यापासून लावतात. धुमा अजून बारीक आहे, पण आता तिचा प्रत्येक ठोका मोजता येतो. सबवूफरचा निर्णय दिवाळीपर्यंत पुढे ढकलला जातो.