हातांनी चढलेला घाट

सायकल पायांनीच चालवावी, असा काही शास्त्राचा दंडक नाही. शिवरायांच्या राज्याभिषेकाला अजून एकोणीस वर्षे अवकाश होता, तेव्हा, म्हणजे १६५५ साली, जर्मनीत न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावी स्टेफान फार्फ्लर नावाच्या घड्याळजीने हातांनी फिरवायची तीनचाकी खुर्ची बनवली. कारण साधे होते : त्याला चालता येत नव्हते. तिची आजची पणती (दिवाळीतली नव्हे, नात्यातली) म्हणजे हँडसायकल. चालक तिच्यावर जवळजवळ आडवा होतो, पाय पुढे टेकवतो आणि छातीसमोरच्या मुठी दोन्ही हातांनी फिरवतो. २००४च्या अथेन्स पॅरालिंपिकपासून तिच्या शर्यतीही होतात.

आमच्या माजिवड्यात अशी एक सायकल आहे. तिचे मालक आमचे शेजारी. लहानपणी पोलिओने त्यांचे पाय गेले. पण दंड असे, की त्यांच्यापुढे बाह्या सरसावायला मला संकोच वाटतो. सरावाला चढ हवा म्हणून त्यांनी कसारा घाट ठरवला आणि मला वेळ मोजायला बोलावले. मराठीच्या प्राध्यापकाला याहून निरुपद्रवी काम सापडणे कठीण.

पहाटेच सायकल टेंपोत घालून आम्ही नाशिकचा रस्ता धरला. कसाऱ्याला ती उतरवली. सायकल बुटकी, मालमोटारवाल्यांना दिसावी म्हणून मागे काठीला निशाण. ते पाहून एका आजीबाईंनी, "कुठली दिंडी, बाबा?" म्हणत हात जोडले.

घाटात प्रत्येकाला एकच हौस, ढकलण्याची! टेंपोवाल्याने दोर देऊ केला. दोन पोरे मागून हात लावायला धावली. एका सद्गृहस्थांनी तर मोटार थांबवून दहाची नोट पुढे केली. शेजारी नम्रपणे म्हणाले, "काका, माझ्याकडे सुट्टे नाहीत हो!" समतेने वागली ती फक्त माकडे. त्यांनी माझी केळी पळवली आणि त्यांचीही.

मी म्हटले, "अहो, घ्या थोडी मदत. याच घाटात सदतिसास एक असा चढ आहे, म्हणून आगगाड्यांनासुद्धा मागून ढकलणारी इंजिने जोडतात."

धापा टाकत उत्तर आले, "सर, आगगाडीला इगतपुरी गाठायची असते. मला दंड कमवायचेत."

मी गप्प बसलो. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकून आले, ते काही कोणाच्या दयेवर तरंगत गेले नव्हते.

घाटनदेवीपाशी घड्याळ थांबवले. किती वेळ लागला हे सांगायला मनाई आहे. पुढच्या खेपेला तो कमी करायचाय.

खरा घाट लागला तो माजिवड्याला परतल्यावर. आमच्या इमारतीत लिफ्टपर्यंत पायऱ्या फक्त चार. पण त्यांना ना वळसा, ना उतार. कसारा चढलेला गडी तिथे अडला आणि दोघांनी उचलल्यावर घरी पोहोचला. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. आमच्या सोसायटीच्या सभांत चार पायऱ्यांवरचा उतार अजून 'विचाराधीन' आहे.

शेजारी मात्र हसून म्हणाले, "सर, घाटात मला ढकलायला केवढे हात आले! त्यांतले दोन इथे थापी धरायला मिळाले, तर एका रविवारचे काम आहे."