थोरला भाऊ की शेजारी?

मध्य आफ्रिकेतल्या छोट्या गावात बाहेरचा माणूस राहायला जातो, तेव्हा तो तिथे नेमका कोण असतो? हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. आपण अल्बर्ट श्वाइट्झर यांचं उदाहरण घेऊ.

कांटवर प्रबंध लिहिलेले हे गृहस्थ पुढे वैद्यक शिकले आणि १९१३ मध्ये गॅबनमधल्या लांबारेने इथे गेले. ओगोवे नदीवरचं, विषुववृत्ताजवळचं हे गाव. वसाहत फ्रेंचांची, श्वाइट्झर जर्मन नागरिक. १९१४ ला महायुद्ध सुरू झालं आणि त्यांना राहत्या घरीच नजरकैदेत ठेवलं गेलं. पुढच्या वर्षी, याच नदीच्या प्रवासात, त्यांना आपल्या नीतिविचाराचं सूत्र सापडलं : जीवनाविषयी आदर.

त्यांच्या दवाखान्यात रुग्णासोबत घरची माणसं राहत, तिथेच रांधत. गावाची रीत त्यांनी सांभाळली. पण गालोआ किंवा फांग बोलणाऱ्या रुग्णाशी बोलायला मध्ये दुभाष्या लागे. आणि आफ्रिकी माणसाशी आपलं नातं थोरल्या भावाचं आहे, असं त्यांनी लिहून ठेवलं.

आता बघा, थोरल्या भावाची माया खरी असते. पण धाकट्याकडून काही शिकावं, असं त्याला सहसा वाटत नाही. शेजाऱ्याकडे मात्र आपण विरजण मागायला जातो. मागणारा आपोआप बरोबरीवर येतो.

म्हणून आज तिकडे कामाला जाणाऱ्या आपल्या मुलांना मी एवढंच सांगेन : काय देणार ते नंतर ठरवा. आधी त्यांची भाषा मागून घ्या.