गावापुढे जाहीर होणारा निकाल

जून महिन्यात पावसाच्या तोंडावर सुरू झालेले शालेय वर्ष जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत ज्या क्रमाने समाप्तीस येते, त्या क्रमाचा काही भाग कायद्याने ठरवलेला, काही खात्याच्या परिपत्रकांनी लावून दिलेला आणि पुष्कळसा भाग गावोगावच्या शिक्षकांनी व ग्रामस्थांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवलेल्या रिवाजाचा आहे. हिवाळ्याच्या अखेरीचे स्नेहसंमेलन, उन्हाळ्यातली सकाळची शाळा, एप्रिलमधील परीक्षा, वरच्या वर्गाचा निरोप समारंभ आणि शेवटी १ मे रोजी ध्वजवंदनानंतर जाहीर होणारा निकाल, ही या क्रमाची मुख्य अंगे होत. मुलांच्या करमणुकीचे कार्यक्रम एवढ्याच दृष्टीने जो त्यांच्याकडे पाहील, त्याला त्यांचे मर्म उमगणार नाही. कारण लोकांच्या पैशावर आणि लोकांच्या विश्वासावर चालणारी एक संस्था वर्षातून एकदा आपला हिशेब गावापुढे रुजू करते, हाच या सोहळ्यांचा खरा आशय आहे.

या रिवाजाची मुळे खोल आहेत. एकोणिसाव्या शतकात शाळेची परीक्षा पुष्कळदा नागरिकांच्या समक्ष, जाहीरपणे घेतली जाई. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा त्यांच्या वाट्यास निंदा आणि छळ आला. परंतु त्याच पुण्यात १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला, आणि १८५३ च्या फेब्रुवारीत त्यांच्या शाळांतील मुलींची जाहीर परीक्षा झाली तेव्हा ती पाहण्यास लोकांची मोठी गर्दी लोटली. मुलींना वाचता येते, हिशेब करता येतो, हे लोकांनी प्रत्यक्ष पाहावे, यापरता दुसरा प्रभावी युक्तिवाद स्त्रीशिक्षणाच्या बाजूने कोणता असू शकला असता?

स्नेहसंमेलनात, म्हणजे गावाच्या बोलीतल्या ‘गॅदरिंग’मध्ये, हीच जाहीर परीक्षा निराळ्या रूपाने होत असते. शाळेच्या पटांगणात मंडप उभा राहतो, आयांच्या नऊवार साड्या कापून-टाचून कोळीगीताचे आणि पोवाड्याचे पोशाख शिवले जातात, आणि संध्याकाळी अवघे गाव सतरंज्यांवर येऊन बसते. एखादे गाणे रंगले की प्रेक्षकांतून चिठ्ठी येते आणि गुरुजी ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारतात, ‘अमुक यांच्याकडून एकावन्न रुपये’. मग दुसरी चिठ्ठी येते, तिसरी येते, आणि एक शिक्षक बाजूला बसून वहीत प्रत्येक रकमेची नोंद करीत राहतो. त्या पैशांतून कुठे पिण्याच्या पाण्याची टाकी येते, कुठे ग्रंथालयाचे कपाट. दहा रुपये देणाऱ्या मजुराचे नाव शंभर देणाऱ्या बागाइतदाराच्या इतक्याच मोठ्याने उच्चारले जाते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

परीक्षेचे स्वरूप मात्र आमूलाग्र पालटले आहे. २००९ चा बालशिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, आणि त्याच वर्षीच्या २० ऑगस्टच्या शासननिर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती सुरू झाली. तेव्हापासून प्रगतिपुस्तकात गुणांच्या जोडीला श्रेणी आणि मुलाविषयीच्या वर्णनात्मक नोंदी आल्या. पुढे पाचवीच्या आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेचे महत्त्व पुन्हा वाढविण्यात आले. पद्धती कोणतीही असो, ‘चित्रे उत्तम काढतो, वाचन अडखळत करतो’ अशी एक खरी नोंद पालकाला जेवढे सांगते, तेवढे नुसता आकडा सांगू शकत नाही.

आणि मग १ मे येतो. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, आणि १९६२ साली याच दिवशी राज्यातील जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. ज्या दिवशी राज्याचा आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेचा जन्म झाला, त्याच दिवशी, नुकत्याच फडकलेल्या ध्वजाच्या साक्षीने पहिलीच्या मुलाच्या हाती त्याचा निकाल पडतो, आणि नागरिकत्वाचा पहिला लेखी व्यवहार तो नकळत पुरा करतो.

शेवटच्या वर्गातील मुलांना निकालाबरोबर, अथवा त्यानंतर लवकरच, शाळा सोडल्याचा दाखला लागतो. शाळेच्या दप्तरातील जनरल रजिस्टरवरून मुख्याध्यापक त्यात मुलाचे पूर्ण नाव, जन्मस्थळ, आणि जन्मतारीख आधी अंकी व मग अक्षरी लिहितात; ‘वर्तणूक’ या रकान्यात बहुधा ‘चांगली’ असा शेरा पडतो. रजिस्टरातील ही नोंद माणसाला जन्मभर पुरते. जातीचा दाखला, नोकरी, निवृत्तिवेतन अशा कामी साठ वर्षांचा गृहस्थ पुन्हा त्याच शाळेच्या दारी येऊन आपल्या नोंदीचा उतारा मागतो. निरोप समारंभात भिंतीवरचे घड्याळ किंवा सावित्रीबाईंची तसबीर शाळेला भेट देऊन, रडून डोळे लाल झालेली मुले बाहेर पडतात; पण शाळेच्या दप्तरी ती कायमची राहतात.

या हिशेबातील सर्वांत दुःखद बाजू गैरहजेरीची आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांची मुले दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात, आणि स्नेहसंमेलनाच्या वेळी ती कुठल्या तरी कारखान्याच्या परिसरात पाचटाच्या खोपीत असतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे काढली गेली, शिक्षण हमी पत्रके दिली गेली. हे उपाय स्तुत्य आहेत, तथापि प्रत्येक मूल त्यांच्या कक्षेत आल्यावाचून शाळेचा ताळा जुळला असे म्हणता येणार नाही.

म्हणून १ मेच्या सभेकडून माझी एक अपेक्षा आहे. कायद्याने स्थापलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि एकूण सभासदांपैकी निम्म्या स्त्रिया असतात. या समितीने निकालापाशी न थांबता, दाखला घेऊन बाहेर पडणारे प्रत्येक मूल, विशेषतः पुढच्या वर्गासाठी परगावी जावे लागणारी प्रत्येक मुलगी, जूनमध्ये कोणत्या शाळेत दाखल होणार आणि तिच्या येण्या-जाण्याची व्यवस्था काय, याची यादी त्याच सभेत करावी, आणि शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात ती घरोघर जाऊन पडताळावी. त्या यादीत एकही नाव अनिश्चित उरले नाही, तरच गावाने आपल्या शाळेचे वर्ष पूर्ण झाले असे समजावे.